आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज

अमेरिकेंतील नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मागावयाचा तर नुसती गुणपत्रिका धाडून भागत नाहीं. फार तर ६५० शब्दांचा एक मुख्य निबंध, आणि त्याखेरीज ज्या त्या महाविद्यालयाचे निराळे पुरवणी निबंध लिहावे लागतात. आमच्याकडेच कां येऊं इच्छितां, शिकून पुढें काय करणार, अशा तऱ्हेचे त्यांतले प्रश्न असतात. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरील आमच्या मोताळ्यासारख्या गांवच्या मुलास ते वाचूनच घाम फुटतो. मग शहरांतील कोणी जाणता मोबदला घेऊन निबंध लिहून देतो, आणि अलीकडे तर यंत्रच तें काम क्षणार्धांत उरकतें. परंतु हे प्रश्न मराठी माणसाला आजच पडले आहेत असें मात्र कोणी समजूं नये. अठरा वर्षांच्या एका मराठी स्त्रीनें १८८३ सालींच त्यांचीं उत्तरें लिहून ठेविलीं आहेत.

सौ. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाची खटपट प्रथम त्यांच्या यजमानांनीं आरंभिली, हें सर्वांस ठाऊक आहे. गोपाळराव पोस्टखात्यांत नोकरीस होते. बायकोला अमेरिकेंत शिकवावें या हेतूनें त्यांनीं मिशनरी मंडळींकडे पत्र धाडलें. वाइल्डर नामक मिशनऱ्यानें तें आपल्या नियतकालिकांत छापलें खरें, पण उत्तरादाखल उपदेश केला तो ख्रिस्ती होण्याचा. आश्चर्य हें कीं, तोच अंक १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हातीं दांतांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असतां पडला, आणि त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र लिहिलें. तेव्हां गोपाळरावांचें पत्र वायां गेलें असें कोण म्हणेल ? पण दुसऱ्यानें आपल्यासाठीं लिहिलेल्या पत्रानें दार फार तर किलकिलें होतें. 'तुला कां जावयाचें आहे ?' हा प्रश्न अजून उरलाच होता.

तो प्रश्न प्रथम स्वदेशीयांनींच विचारला. ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें. लोक आपणांस वारंवार जे प्रश्न विचारीत, ते सहा प्रश्न त्यांनीं क्रमानें घेतले. अमेरिकेस कां जातां ? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय ? एकट्याच कां ? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाहीं काय ? संकट आलें तर काय कराल ? दुसऱ्या कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें ? आजचे पुरवणी निबंध याहून अवघड काय विचारतात !

उत्तरांत भावनेचा पसारा नाहीं. या देशास स्त्री-डॉक्टरांची मोठी गरज आहे. मद्रासेस एक कॉलेज आहे, इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत. पण तेथील शिक्षण अपुरें, आणि शिकविणारे जुन्या वळणाचे व कांहींसे मत्सरी. यजमानांवर वृद्ध आईचा व भावंडांचा भार, म्हणून एकटी. आपण हिंदु म्हणूनच जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार. वाळीत टाकावयाचेंच असेल तर लोकांनीं आतांच कां टाकूं नये, असा त्यांचा उलट सवाल होता. आमच्या मतें सहांत हें उत्तर सर्वांत करारी.

एप्रिलांत कलकत्त्याहून निघून जूनमध्यें त्या न्यूयॉर्कास पोंचल्या, आणि ता. २८ जून १८८३ रोजीं रोझेलहून त्यांनीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांस पत्र लिहिलें. तोच त्यांचा प्रवेशअर्ज. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होत नसतील, पण आपली गोष्ट निराळी आहे, तरी सवलत व्हावी, असें त्यांत सरळ कबूल केलें आहे. आप्तांचा व जातीचा एकवटलेला विरोध मोडून आपणांस येथवर आणणारा निश्चय हीच मुख्य पात्रता, असा त्यांचा दावा होता. हेतूहि त्यांनीं मोघम ठेविला नाहीं : पुरुष डॉक्टराच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस वैद्यकीय मदत देणें. बायकांच्याच महाविद्यालयांत कां, याचें वेगळें उत्तर मग द्यावेंच लागत नाहीं.

एक वाक्य मात्र आज वाचवत नाहीं. आपली प्रकृति चांगली आहे, असें त्या लिहितात. कलकत्त्यास असतांनाच डोकेदुखी, ताप व श्वास लागणें यांनीं त्यांना घेरलें होतें. साऱ्या पत्रांत एवढेंच वाक्य आम्हांस उमेदवाराचें वाटतें. बाकीचें पत्र आनंदीबाईंचें आहे.

प्रवेश मिळाला. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवीधर झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. प्राचीन हिंदूंतील प्रसूतिविद्या हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली, पण क्षयानें त्या कामावर रुजू होऊं शकल्या नाहींत, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली. जोन्स यांस लिहिलेलें तें पत्र फिलाडेल्फियास ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे.