नॉस्टॅल्जिया म्हणजे माहेरची ओढ

‘नॉस्टॅल्जिया’ हा इंग्रजीतला शब्द मुळात आजाराचं नाव. १६८८ साली बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्याने लिहिलेली एक खेड्यातली मुलगी इस्पितळात घरी जायचाच धोशा लावून होती. आईबापांनी नेलं, बरी झाली.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबच्या राणूबाई, समर्थ रामदासांच्या आई, लेकासाठी रडून रडून आंधळ्या झाल्या, असं परंपरा सांगते.

मराठीत हीच ‘ओढ’. आपला धर्म तिला राग म्हणतो, सोडायला सांगतो. ते साधेल तेव्हा साधेल. नवी सून जेवेनाशी झाली, तर औषधाआधी तिला चार दिवस माहेरी पाठवावं, असं मला वाटतं.