बाजरीला मकरंद नाही, तरी मधमाशी तिच्या कणसावर का येते?

🧵 थ्रेड

१/ तळेगाव ढमढेरे म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला वेळ नदी, ढमढेरे सरदारांचे घराणे आणि १७५१ ची मोहीम आठवते. त्या मोहिमेत सलाबतजंग आणि बुसी यांच्या फौजेने हे गाव उद्ध्वस्त केले. आजचा विषय मात्र त्याच शिवारातला असूनही दप्तरांत न सापडणारा आहे. मधमाशी कोणत्या फुलाचा पराग निवडते, आणि माणसाला ते कसे उमगले?

२/ आधी एक भेद ध्यानात घेऊ. मधमाशी फुलांकडून दोन वस्तू आणते. मकरंदाचा मध होतो, तो ऊर्जेसाठी. परागातून प्रथिने, मेद आणि जीवनसत्त्वे मिळतात. पराग मुख्यतः पोळ्यातल्या तरुण दाई-माश्या खातात आणि त्यावर अळ्यांसाठी अन्न तयार करतात. पराग गोळा करणारी माशी स्वतः तो फारसा खात नाही. म्हणजे ही आवडनिवड एका माशीच्या जिभेची नसून साऱ्या वसाहतीच्या गरजेची आहे.

३/ या विषयातले सर्वांत जुने प्रसिद्ध निरीक्षण ॲरिस्टॉटलचे. एका फेरीत मधमाशी एकाच जातीच्या फुलांवर जाते, हे त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवले. आधुनिक शास्त्राने ते बहुतांशी खरे ठरवले. माशीच्या मागच्या पायांवरची परागाची गोळी बहुधा एकाच वनस्पतीची असते. वसाहत मात्र अनेक माश्यांमार्फत अनेक वनस्पतींचा पराग साठवते.

४/ आपल्याकडे सुश्रुतसंहितेने मधाचे आठ प्रकार सांगितले: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. यांतली बरीच नावे माशीच्या जातीवरून पडली आहेत. मराठीतही आग्या, सातेरी, फुलोरी अशी माशीचीच ओळख पक्की आहे. मध 'कोणाचा' हे आपण विचारले. 'कोणत्या फुलाचा' हे काटेकोरपणे विचारायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

५/ १८९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या फिस्टर यांनी मधातले परागकण तपासून मधाचे मूळ ओळखता येते, हे दाखवले. परागकणाचे बाह्य कवच विलक्षण चिवट असते. शिवाय प्रत्येक वनस्पतिकुळाचे वळण वेगळे असते. गवतांचे कण गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचे असतात. करडई आणि सूर्यफुलाचे कण काटेरी, तर बाभळीचे अनेक कण एकत्र जुळलेले. मोडी वाचणारा वळणावरून हात ओळखतो, तसाच हा प्रकार.

६/ पण या वाचनाला अडथळा होता. पोळे पिळून काढलेल्या मधात साठवणीचा परागही मिसळतो. मग मकरंद कोणत्या फुलाचा आणि पराग कोणत्या, हे वेगळे करणे अवघड होते. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ यांना 'माशीचे अंतर' उमगले आणि हलत्या चौकटींच्या पेट्या आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीचे पाद्री न्यूटन यांनी सातेरी माशीला साजेशी पेटी घडवली. आता पोळे न मोडता स्वच्छ मध काढता येऊ लागला.

७/ महाराष्ट्रात या वाचनाची शाळा ठरले महाबळेश्वर. तिथल्या मधुमक्षिका प्रयोगशाळेत देवडीकर आणि ठकार यांनी १९५० च्या दशकात त्या डोंगरांतल्या प्रमुख मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास केला. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या खंडाने एकदम फुलणारी कारवी, हा त्या रानाचा ठेवा. पुढे १९६२ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात उभी राहिली.

८/ आता घाट उतरून शिरूरच्या माळावर येऊ. इथे जांभळाची रानेही नाहीत आणि कारवीही नाही. इथली परंपरागत पिके बाजरी आणि ज्वारी. दोन्ही गवतकुळातली, वाऱ्यावर परागण होणारी. त्यांच्या फुलांत मकरंदाचा थेंब नसतो. तरीही सकाळच्या वेळी मधमाश्या त्यांच्या कणसांवर येतात, त्या निव्वळ परागासाठी.

९/ म्हणून मधाच्या हिशेबात बाजरीचे शेत 'शून्य' दिसते. मधाच्या बरणीवरून इतिहास लिहिला, तर हे शेत त्यात येणारच नाही. पण पोळ्यातल्या अळ्यांच्या दृष्टीने खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी म्हणजे पिठाची कोठी. जो पुरावा आपण निवडतो, तोच आपला निष्कर्ष ठरवतो. हा धडा केवळ मधमाश्यांपुरता नाही.

१०/ एकच पराग मात्र पुरत नाही. मधमाशीला दहा आवश्यक अमिनो आम्ले लागतात, हे डच संशोधक डी ग्रूट यांनी १९५३ मध्ये दाखवले. वनस्पतीगणिक परागातल्या प्रथिनांचे प्रमाण सुमारे अडीच टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत बदलते. त्यामुळे बांधावरची बाभूळ, शेतातली करडई, कारळा आणि पडीक जमिनीवरची रानफुले हा सारा आहार मिळून पोळे जगते. जुनी मिश्र पिकांची शेती नकळत हे ताट वाढत असे.

११/ चासकमानचे पाणी कालव्याने आले आणि शिरूर तालुक्याच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला. शेतकऱ्याच्या घरी पैसा आला. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण मधमाशीसाठी उसात फारसे अन्न नसते, आणि तुरा आला तरी तो शेतकऱ्याला नकोच असतो. हिरवे दिसणारे शिवार पोळ्यासाठी उपाशी असू शकते.

१२/ याची किंमत माणसालाही मोजावी लागते. कांद्याच्या एका फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या डेंगळ्यांवर कीटक आले नाहीत, तर बी नीट भरत नाही. मधमाशी ठरावीक महिन्यात हवी असेल, तर तिला उरलेले महिनेही जेवण लागते.

१३/ १७५१ ला जळलेले गाव पुन्हा उभे राहिले आणि ती हकीकत आपल्याला कागदांमुळे कळते. बांधावरून नाहीसे झालेल्या झाडांचा जमाखर्च कोणी लिहिलेला नाही. तो काही प्रमाणात परागकणांत आहे आणि काही प्रमाणात आपल्या आजी-आजोबांच्या स्मरणात.

१४/ म्हणून एक विनंती. या सुटीत गावी गेलात, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: तुमच्या लहानपणी मोहोळे कोणत्या झाडांवर बसायची, आणि बांधावर काय काय फुलायचे? उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. दप्तर असेच तयार होते.