जानकी अम्माळ आणि सायलेंट व्हॅली

दिल्लीच्या कचेरीत अरण्य येते ते बहुधा नकाशावरील हिरव्या ठिपक्याच्या रूपाने. जानकी अम्माळ यांनी ते वृक्षांच्या गुणसूत्रांपर्यंत जाऊन अभ्यासिले. १८९७ साली तेल्लिचेरीत जन्मलेल्या या विदुषीला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेसाठी पंडित नेहरूंनी इंग्लंडहून बोलाविले होते. पुढे केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंती नदीवर धरणाचा बेत झाला. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या सिंहपुच्छ वानरांचे वृक्षशेंड्यांवरील घर बुडणार होते. सरकारच्या या एकेकाळच्या सल्लागार बाईंनी ऐंशीच्या घरात विरोध पुकारला. तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांची पाहणीही आरंभिली. त्या वयात आम्ही नोकरमाणसे निवृत्तिवेतनाचे हिशेब करितो! धरण रहित झाले. नोव्हेंबर १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. जानकीबाई त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तल्या होत्या.