तात्यापाऱ्याच्या गच्चीवरून आकाशगंगा

उन्हाळ्याच्या रात्री गच्च्यांवर अंथरुणे पडत, त्या काळी तात्यापाऱ्यातून दक्षिणेकडे पाहिले की वृश्चिकाची नांगी आणि धनू राशी यांच्यामधला आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा नजरेस पडे. आज दिव्यांच्या झगमगाटात तो लोपला आहे. पण ज्या प्रचंड तारकासंघात आपण राहतो, त्याचे केंद्र त्याच दिशेला आहे. हे कळावयास दुर्बिणीच्या शोधानंतरही तीन शतके लागली.

हा दुधाळ पट्टा म्हणजे असंख्य तारे होत, हे गॅलिलिओने १६१० साली दाखविले. १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी दिशादिशांचे तारे मोजून नकाशा काढला आणि सूर्याला जवळजवळ मध्यभागी बसविले. त्यांना हसण्याचे कारण नाही. धुक्याच्या पहाटे घरासमोर उभे राहिले, तर चहूंकडे सारख्याच अंतरावर गाव दिसेनासे होते आणि आपणच मध्यावर आहोत असा भास होतो. (रायपूरचा मध्य तात्यापारा, असे आम्ही धुक्यावाचूनही मानीत आलो, ते वेगळे!) हर्शेल यांच्या वाटेतले धुके म्हणजे ताऱ्यांमधील धूळ. तिचे अस्तित्व १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी सिद्ध केले.

त्याआधीच, १९१८ मध्ये, हार्लो शॅप्ली यांनी वेगळी वाट धरली होती. गोलाकार तारकागुच्छ आकाशगंगेच्या पट्ट्यापासून वर-खाली दूरवर पसरलेले असल्याने धुळीतून बरेचसे सुटतात. ते बहुतांशी धनू राशीच्या बाजूस एकवटलेले शॅप्लींना आढळले. धुक्यातल्या गावाचा मध्य वर डोकावणाऱ्या कळसांवरून ओळखावा, तसे त्यांनी केंद्र ओळखले आणि सूर्याला कडेला नेऊन बसविले. अंतर मात्र त्यांनी दुपटीहून अधिक धरले. आज ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षे मानतात. सारे विश्व या एकाच संघात सामावले आहे, हा त्यांचा समजही पुढे एडविन हबल यांनी देवयानीतील ताऱ्यांवरून खोडून काढला.

पंचांगाच्या भाषेत हे केंद्र मूळ नक्षत्राकडे येते. तेवढ्यावरून पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणणारे भेटतात. आम्हांस ते पटत नाही. योगायोग सुंदर आहे. पण या ज्ञानाचे मोल ते मोजून, चुकून, पुन्हा मोजून मिळाले यातच आहे.

धूळ प्रकाशाला अडविते, रेडिओलहरींना नाही. धनू राशीकडून येणाऱ्या अशा लहरी कार्ल जान्स्की यांनी १९३३ साली जाहीर केल्या, आणि पुढचा एक धागा महाराष्ट्रात येतो. जुन्नर तालुक्यात खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण उभी राहिली. तिच्याच साहाय्याने सुभाशिष रॉय व प्रमेश राव यांनी २००४ साली केंद्रस्थानच्या उगमाचा वेध अर्धा मीटर लांबीच्या लहरींवर घेतला. त्या उगमस्थानी सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याचे छायाचित्र २०२२ मध्ये जगाने पाहिले.

ही दुर्बीण चालविणाऱ्या पुण्याच्या संस्थेतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये, जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून, आपल्या आकाशगंगेसारखीच सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाची ती आहे. आपल्या मुलांच्या हिंदी पुस्तकांत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. म्हणून तिच्या या दूरच्या बहिणीचे नाव त्यांनी ठेविले अलकनंदा.