साथीचं गणित : ‘मॉडेल’वर किती भरवसा ठेवायचा?

हुलसूर : साथ आली की ‘अमुक महिन्यात शिखर, तमुक महिन्यात उतार’ असे अंदाज कानावर येतात. ते बहुतेक वेळा गणिती मॉडेलमधून आलेले असतात.

मॉडेल म्हणजे काय?
लोकसंख्येचे तीन गट करायचे : लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. एका गटातून दुसऱ्यात किती जण जातील, याचा हिशेब म्हणजे मॉडेल. ही पद्धत कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडली. ताळा पाहायला त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगमृत्यूंचे आकडे घेतले. आलेख छान जुळला. पण प्लेग पसरतो उंदीर-पिसवांमुळे आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. त्याचा वेगळा हिशेब त्या गणितात नव्हता. म्हणजे आलेख जुळला तरी कारण बरोबर असतंच असं नाही.

उपयोग कुठे?
‘असं केलं तर काय होईल’ हे ताडून पाहायला. लस आधी कुणाला द्यावी, खाटा आणि ऑक्सिजन किती लागेल, याची तयारी आधीच करता येते.

कुठे चुकतं?
केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं, की कोरोनाचं शिखर ओलांडलं. काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास ओसरेल. मे २०२१ मध्ये मात्र देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण सापडले. विषाणू बदलला, गर्दी वाढली. जुन्या गृहीतकांवरचं गणित कोलमडलं.

सीमाभागाचं काय?
साधं मॉडेल लोकसंख्या बंदिस्त धरतं. इथं तसं नाही. बाजार, सोयरीक, दवाखाना यासाठी बिदर-कलबुर्गीची माणसं लातूर, सोलापूर, हैदराबादला जातात. देशातला पहिला कोरोनामृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गीत नोंदला गेला; त्या रुग्णालाही उपचारासाठी हैदराबादला नेलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तपासणी अहवाल सक्तीचा केला, तेव्हा या रोजच्या ये-जा करणाऱ्यांचीच अडचण झाली. फक्त जिल्ह्याचे आकडे धरून खाटा ठरवल्या, तर पलीकडून येणारा रुग्ण हिशेबातच येत नाही.

म्हणून अंदाज वाचताना तीन गोष्टी बघाव्यात : आकडे कुठले, गृहीत काय धरलंय, आणि सीमेपलीकडची ये-जा मोजलीय का?