ऊर्जा-रूपांतरण
ऊर्जेचे एका रूपातून दुसऱ्या रूपात होणारे संक्रमण. ऊर्जा निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, हा सिद्धांत ग्रंथात वाचण्यापेक्षा छत्रपती संभाजीनगरात पाहणे अधिक बोधप्रद: खाम नदीकाठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील जुन्या पाणचक्कीत, डोंगरातून भूमिगत नहरीने आणलेले पाणी उंचावरून चक्राच्या पात्यांवर पडते, त्या पतनात स्थितिज ऊर्जा गतिज होते आणि जाते फिरते, यात्रेकरू व फकिरांच्या पिठाची तजवीज या युक्तीने होत असे. शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २०१५ साली सुरू झालेल्या पर्किन्सच्या कारखान्यात जनित्रसंचांसाठी मोठी डिझेल एंजिने तयार होतात. अशा एंजिनाला ठिणगी लागत नाही. दट्ट्याने दाबलेली हवाच इतकी तापते की, फवारलेले इंधन आपोआप पेटते, आणि रासायनिक ऊर्जा प्रथम उष्णता, मग क्रँकशाफ्टची गती व अखेर जनित्रात वीज बनते. मात्र प्रत्येक नाक्यावर जकात भरावी लागते: इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्केच वीज होऊन हाती येते, उरलेली बहुतेक धुराड्यातून व शीतक पाण्यातून उष्णतारूपाने निघून जाते.