राग येतो, माया लागते

मराठीत राग येतो, रडू येते, कीव येते. माया मात्र लागते, लळाही लागतो, जीव जडतो. भावना आणि स्नेह यांतला भेद मानसशास्त्राने बऱ्याच उशिरा परिभाषेत बसवला. आपल्या क्रियापदांत तो आधीपासून मुरलेला आहे.

भावना ही घटना असते. ती उसळते, टिपेला जाते, ओसरते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. विल्यम जेम्सने १८८४ मध्ये या शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे प्रतिपादन केले. मत धीट होते, पण १९२७ मध्ये वॉल्टर कॅननने त्यातली अडचण दाखवली: भीतीत आणि संतापात शरीराच्या आत होणारे बदल बरेचसे सारखेच असतात, मग माणूस त्या दोन्ही वेगळ्या ओळखतो कशा?

स्नेहाच्या बाबतीत हा वाद उद्भवतच नाही. गाढ झोपलेल्या बापाच्या मनात त्या घटकेला कोणतीच भावना नसली, तरी मुलावरची त्याची माया आटलेली नसते. अलेक्झांडर शँडने १८९६ मध्ये स्नेहाला एका विषयाभोवती गुंफलेली भावनांची व्यवस्था मानले आणि विल्यम मॅक्डूगलने १९०८ च्या ग्रंथात ती कल्पना पुढे नेली. तिला आपण स्थिरवृत्ती म्हणू. रात्री उशिरापर्यंत पोरगा घरी आला नाही की आईचा जीव टांगणीला लागतो. तो दारात दिसताच हायसे वाटते. आणि चप्पल काढेपर्यंत ती त्याच्यावर डाफरते. काळजी, सुटका, राग असे तिन्ही एकाच मायेचे आविष्कार. शेजाऱ्याला ऐकू जातो तो फक्त राग.

इथे नाट्यशास्त्रकार भरताचा स्थायिभाव आठवतो, पण दोन्ही एकच मानण्याची घाई नको. भरताच्या आठ स्थायिभावांत क्रोध आणि भयही आहेत. शँडच्या हिशेबी त्या निव्वळ भावना.

मायेची ही स्थिरवृत्ती जडते कशाने? जो भरवतो त्याचा लळा लागतो, हा समज अभ्यासकांतही रूढ होता. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लोने माकडांची पिल्ले आयांपासून तोडून त्यांना दोन कृत्रिम आया दिल्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून राहत. १९५८ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष मोलाचा, प्रयोग मात्र निर्दय.

मानवी मुलांसाठी मेरी एन्सवर्थने बाल्टिमोरमध्ये सौम्य कसोटी योजली. आई खोलीबाहेर जाते, थोड्या वेळाने परतते. मूल तेव्हा काय करते ते पाहायचे. काही मुले रडत नाहीत, आई परतल्यावर तिच्याकडे बघतही नाहीत. त्यांना आईची ओढ नाही असे सहज वाटावे. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा खेळण्यात मान घातलेल्या त्या मुलांचे ठोकेही वाढलेले आढळले.